भुरीसाठी स्थळ

माश्या मारण्यावरून करता येतील तेवढे विनोद आमच्या बिल्डिंगमध्ये करून झालेले आहेत, तेव्हा तो विषय आपण आधीच मिटवून टाकू. माझा धाकटा भाऊ दौलत डुंबरे माश्या पकडतो, मारतो, सुईला डकवतो आणि डबीत ठेवतो. लोक टपालाची तिकिटं जमवतात, जुनी नाणी जमवतात, त्यांना कोणी काही बोलत नाही. माझ्या भावाने माश्या जमवल्या की सगळ्यांना कंठ फुटतो. मी बोलते ती गोष्ट वेगळी. मी त्याची मोठी बहीण आहे आणि त्याच्या माश्या माझ्या घरात राहतात.

घर डोंबिवलीला, पूर्वेला. मी इथे वधू-वर सूचक मंडळ चालवते. यजमान गेल्यावर सुरू केलं, आणि आता बदलापूरपासून ठाण्यापर्यंत माझ्या हातून जुळलेले संसार आहेत. मोबाइलवर लग्नं जुळवणाऱ्या कंपन्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, सरोजताई, तुमचं दुकान आता बंद. काही बंदबिंद झालं नाही. मोबाइलवर मुलाचा पगार कळतो; मुलगा आईला विचारल्याशिवाय शर्ट घालतो की नाही, ते मला कळतं.

दौलतचं मात्र मला जमवता आलं नाही. स्थळं दाखवून दाखवून मी थकले. एकदा त्याला कल्याणजवळ मोहने गावी एक चांगली मुलगी बघायला पाठवला, तर तिच्या घराच्या मोरीतून एक माशी काडेपेटीत घालून घेऊन आला. मुलगी कशी वाटली विचारलं तर मुलीचं नाव आठवेना. त्यानंतर मी त्याच्या नादाला लागले नाही.

तो एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. सांडपाण्याचे नमुने तपासायचं काम. नमुन्याच्या बाटल्यांच्या तोंडाशी बारीक माश्या येऊन बसायच्या. बाकीचे हाकलायचे, हा बघत बसायचा. मग पुस्तकं आणली, एका कॉलेजने भंगारात काढलेला मायक्रोस्कोप आणला आणि त्याचं आयुष्य त्या नळकांड्यात शिरलं ते शिरलंच. राहायचा दिवा स्टेशनजवळ, एका खोलीत. निवृत्त झाला तेव्हा तिथल्या नळाला पाणी येणं जवळपास बंदच झालेलं. मी म्हटलं, बादल्या वाहत बसण्यापेक्षा माझ्याकडे ये. तो आला. कपड्यांची एक बॅग, बाकी सगळी माश्यांची खोकी.

तेव्हापासून आम्ही दोघं बहीण-भाऊ एकत्र राहतो. तो आला त्या सुमारास खाली एक नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यातली कादंबरी नावाची मुलगी एकदा जिन्यात मला म्हणाली, "काकू, काका किती शांत आहेत ना! तुम्हीच बोलता सगळं." मी तिला सांगितलं की काका माझा भाऊ आहे, नवरा नाही, आणि हो, मीच बोलते.

आता दौलतच्या माश्यांविषयी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरात येतात त्या ह्या माश्या नव्हेत. ह्या तांदळाच्या कणीएवढ्या, पाण्याच्या काठाकाठाने राहणाऱ्या. दौलत त्यांना काठमाश्या म्हणतो. साध्या पाण्याचं सोडाच, जिथे मासाही जगणार नाही अशा खारट पाण्याच्या काठावर ह्या मजेत संसार करतात. त्यांच्या अळ्या पाण्यातलं शेवाळ खातात. कोणाला चावत नाहीत, कशावर घाण करत नाहीत. त्यांच्या जगात शेकडो जाती आहेत आणि अजून कितीतरी अशा आहेत ज्यांना माणसाने नावच दिलेलं नाही. दौलतला अशी एक माशी हवी होती. एकच. मी त्याला एकदा चिडून विचारलं, की बाबा रे, तुला आयुष्यात नक्की हवंय तरी काय? तेव्हा तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "ताई, एका तरी माशीचं नाव मला ठेवायचंय. बाकी काही नको." इतकं सरळ उत्तर मला उपवर मुलांकडूनसुद्धा कधी मिळालेलं नाही.

दिव्याच्या पलीकडे खाडीला लागून एक सोडून दिलेलं मिठागर आहे. बांध फुटलेले, मधल्या कोंड्यांत, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांत, खारं पाणी साचलेलं, त्यावर मिठाचा पापुद्रा आणि हिरवंतांबडं शेवाळ. दौलतला ते काश्मीर वाटतं. तो तिथे जाळी आणि तोंडाने ओढायची एक नळी घेऊन जातो. नळीचं एक टोक माशीवर धरायचं, दुसरं तोंडात धरून श्वास ओढायचा, माशी मधल्या बाटलीत पडते. मधे बारीक जाळी असते म्हणून पोटात जात नाही, असं तो सांगतो. मी खात्री करायला गेलेली नाही.

जागा सखुबाईंच्या घरची. म्हातारीच्या सासऱ्याने तिथे मीठ पिकवलं, तिने स्वतः ते डोक्यावरून वाहिलं. आता मुलांच्या इमारती आहेत, दारात मोठी गाडी आहे, पण बाई सकाळी चालत आगरावर येऊन बांधावर बसतेच. पहिल्या दिवशी तिने दौलतला हटकलं.

"कोन रं तू? काय सोधतस आमचे आगरान?"

"माश्या शोधतोय, आजी."

म्हातारीने त्याला नखशिखान्त बघितलं. "मग हितं कला आलास? आमचे घरान ये, पायजे तवऱ्या माश्या ने."

तिथे त्याला माश्यांची एक जोडी भेटली. एक काळी, तकतकीत. दुसरी भुरी, अंगावर राख भुरभुरवल्यासारखी, डोळे तांबूस. दौलतने घरी आणून मायक्रोस्कोपखाली बघितलं. काळे नर होते. भुऱ्या सगळ्या माद्या. काळा जिथे दिसेल तिथे भुरी शेजारी असायचीच, एकाच पापुद्र्यावर. काळ्यांमध्ये थोड्या माद्याही निघाल्या होत्या. पण त्या चिखलाने मळलेल्या भुऱ्या असणार, असं म्हणून त्याने त्या बाजूला काढल्या. माणसाला एकदा जोडी पसंत पडली की तो बाकीच्या चौकशा करत नाही. माझ्या धंद्यात हे रोज बघते.

"ताई, तुला काय वाटतं?" त्याने मला विचारलं. खास मला, त्यातली जाणकार म्हणून.

मी म्हटलं, "अरे एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात, एकमेकांना सोडून हलत नाहीत. विचारायचं काय त्यात? नवरा-बायकोच आहेत. ह्यात माझी नजर चुकत नाही."

झालं. काळा नवरा, भुरी बायको, असं धरून त्याने अख्खा पावसाळा घरात बसून त्या दोघांची चित्रं काढली, पायांवरचे केस मोजले, पंखांवरच्या शिरा लिहून काढल्या. आणि सगळं बाड, सगळ्या माश्यांच्या डब्यांसकट, ठाण्याला रसिका परुळेकरकडे पाठवलं. रसिका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि माश्यांवरच तिने डॉक्टरेट केली आहे. तिने पाहून हो म्हटलं की मग ते परदेशातल्या मासिकाकडे धाडायचं, असं ठरलं होतं. दौलत आठवडाभर चहात साखर घालायला विसरत होता आणि तसाच पीत होता.

रसिकाने फोन केला नाही, ती स्वतःच आली. पस्तिशीची, चटपटीत मुलगी, नवरा बँकेत, एक लहान मुलगी. बसली, माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाल्ली, दोनदा वाढून घेतली आणि मग म्हणाली, "काका, रागावू नका हं. पण हे दोघं एका जातीचे नाहीयेत."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "आमच्या मंडळात आंतरजातीय चालतं."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "माश्यांमध्ये नाही चालत ना, काकू!"

मग तिने डबी उघडून दाखवलं. दौलतने मळलेल्या म्हणून बाजूला काढलेल्या त्या माद्या तिने धुऊन बघितल्या होत्या. चिखल निघाला तरी त्या काळ्याच राहिल्या. त्या काळ्याच्या बायका होत्या. म्हणजे काळा आधीच संसारी होता, आणि त्याच्या जातीला शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी नावही देऊन ठेवलेलं होतं. भुरी फक्त शेजारीण. जेवण एकाच जागी मिळतं म्हणून एकत्र दिसायची.

लग्न झालेला मुलगा अविवाहित म्हणून दाखवणारे लोक माझ्याकडे येऊन गेलेत. मी त्यांना जिन्यावरून खाली पोचवलंय. आणि इथे मी स्वतःच एका संसारी माशीचं दुसरं लग्न लावून बसले होते. दौलत डबीकडे बघून एकदम हसला. म्हणाला, "ताई, त्या कादंबरीने आपल्याला काय समजलं होतं? तेच आपण ह्यांना समजलो."

तो हसला खरा, पण पुढचे कितीतरी दिवस मायक्रोस्कोपवर टोपी घालून ठेवली होती. सकाळी उठून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, अगदी जाहिरातींसकट. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मी माझा आगाऊपणा केला नसता तरी त्याने तेच केलं असतं, हे मला माहीत होतं, तरीपण वाटलं.

मात्र जाताना रसिका एक गोष्ट सांगून गेली होती, आणि ती त्याच्या डोक्यात उशिरा शिरली. भुरी तिला कुठल्याच पुस्तकात, कुठल्याच चित्रात सापडली नव्हती. भुरी नवीन असू शकत होती. फक्त तिचा नर हवा होता. ह्या माश्यांच्या माद्या एकमेकींसारख्याच दिसतात म्हणे. जातीची खरी ओळख नराच्या पोटाच्या टोकाला असते. तिथे इतके बारीक अवयव असतात, आणि प्रत्येक जातीत त्यांचा आकार असा वेगळा, की एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. नर नाही तर ओळख नाही, ओळख नाही तर नाव नाही.

"म्हणजे भुरीसाठी स्थळ बघायचं," मी म्हटलं. "असं आधी सांगायचं ना. हे माझं काम आहे."

त्या हिवाळ्यात आम्ही वरसंशोधनाला निघालो. आम्ही म्हणजे तो. मी एकदाच गेले, छत्री घेऊन, आणि चिखलात एक चप्पल ठेवून आले. दौलतने पापुद्र्यावर शोधलं, शेवाळावर शोधलं, बांधावरच्या गवतात शोधलं. भुऱ्या पाहिजे तेवढ्या. नवरा एकीचाही दिसेना. सखुबाई बांधावरून ओरडून विचारायची, "गावला का रं नवरा?" आणि दौलत मान हलवायचा. एकदा तिने समजूत काढली, की जाऊ दे बाबा, हिच्या नशिबात नसेल, आमच्या गावात पण दोघी तशाच राहिल्या, काय वाईट झालं त्यांचं? मला ते पटलं, पण दौलतला नको होतं. उन्हाळा आला की कोंड्या सुकणार, त्यानंतर पावसाचं पाणी भरून सगळं खाडीत एक होणार. मग वर्षभर थांबा. साठीनंतर माणूस वर्ष असं सहज सोडत नाही.

शेवटी रसिकानेच तोड काढली. फोनवर म्हणाली, "काका, नर उडताना सापडत नाही ना? मग जन्मताना पकडा. शेवाळासकट चिखल घरी आणा आणि अळ्या वाढवा. ज्या बरणीत फक्त भुऱ्या निघतील, त्याच बरणीत तिचा नर निघणार."

घर कोणाचं, चिखल कोणाचा, हे मला कोणी विचारलं नाही. एका रविवारी दौलत दोन डबे भरून खाजणाचा काळा चिखल घेऊन आला. माझ्या लोणच्याच्या बरण्यांत तो भरला, वर मलमलचं फडकं बांधलं आणि बरण्या गॅलरीत ओळीने मांडल्या. रोज खडेमीठ विरघळवून पाणी घालायचं, ऊन आलं की सरकवायच्या, सावली आली की परत सरकवायच्या. कुठल्याही तान्ह्या बाळाचं कोणी एवढं केलेलं मी पाहिलेलं नाही. आणि वास! सुकत घातलेले बोंबील, कुजकं अंडं आणि जुना रबरी बूट यांचा मिळून एक वास कल्पावा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात मला गाठलं. मी त्यांच्या मुलीचं लग्न जमवलं होतं, तेव्हा ते फार बोलले नाहीत.

माझ्या धंद्यावर मात्र परिणाम व्हायला लागला. मुला-मुलींच्या पहिल्या भेटी माझ्या बाहेरच्या खोलीत होतात. दोन्ही पक्षांना सोयीचं, कोणाच्या घरी जायचं ओझं नाही. एक दिवस कल्याणचा मुलगा आणि विठ्ठलवाडीची मुलगी आले होते. दोन्ही आया, दोन्ही वडील, आणि मुलाचा एक मामा, जो प्रत्येक लग्नात असतो. मुलगा मोबाइलकडे बघत होता, मुलगी पंख्याकडे. मुलाच्या आईने नाक जरा वर केलं आणि विचारलं, "तुम्ही सुकट वगैरे करता का हो?"

"मी नाही," मी म्हटलं, "भाऊ करतो."

तेवढ्यात गॅलरीतून दौलतची आरोळी आली. माझा भाऊ आयुष्यात ओरडलेला मला आठवत नाही. लहानपणी विंचू चावला होता तेव्हाही नाही. तो ओरडला, "मुलगा! ताई, मुलगा झाला!"

 मुलीचे वडील माझ्याकडे बघायला लागले. मामा उठून उभाच राहिला.  मी म्हटलं, "बसा, बसा, माशीला झालाय," आणि त्याने प्रकरण अजून बिघडलं.

पहिली उठली ती मुलगी. "बघू?" म्हणाली आणि सरळ गॅलरीत. मागून मुलगा. दौलतने दोघांच्या हातात भिंग दिलं आणि बरणी उजेडात धरली. आतून काचेवर एक बारीक माशी चालत होती, भुरीपेक्षा निम्मी, अजून पंख नीट सुकायचे होते. "ए, किती क्यूट आहे यार!" मुलगी म्हणाली. मुलगा म्हणाला, "हा मेल कसा कळतो पण, काका?" आणि दौलतने पुढचा अर्धा तास त्यांना ते समजावून सांगितलं, आया-बापांच्या देखत. मामा पुन्हा खाली बसला नाही. त्या दोघांचं पुढे जमलं नाही, ती गोष्ट वेगळी. मुलीला माशी आवडली, मुलगा नाही.

रसिका त्याच दिवशी संध्याकाळी धावत आली. बघून म्हणाली की हाच असणार, पण कागदावर लिहायचं तर पक्का पुरावा हवा, कारण एकदा आपण फसलोय. नर आणि भुरी एकत्र आलेले दिसले, की मग कोणी शंका काढू शकणार नाही. म्हणजे ह्या वेळी लग्न नुसतं एकत्र दिसतात म्हणून धरायचं नव्हतं, लागलेलं बघायचं होतं.

मग त्या नवरदेवाला एका स्वच्छ बरणीत ठेवलं, सोबत चार भुऱ्या सोडल्या. काही नाही. तो एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला. दौलत भिंग लावून, टॉर्च मारून, नाक काचेला टेकवून बसलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. मी म्हटलं, "अरे, तुझी अक्कल गेली कुठे? एवढा मोठा डोळा काचेवर आहे, कोण बोलेल? आम्ही काय करतो? ओळख करून देतो आणि मोठी माणसं आतल्या खोलीत जाऊन बसतात. टॉर्च बंद कर. चल आत."

बरणी खिडकीत ठेवली, एका बाजूला पेपर टेकवला आणि आम्ही दोघं आत जाऊन मेथी निवडत बसलो. दौलतचं लक्ष भाजीत नव्हतं. देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात चालली होती. थोड्या वेळाने मी म्हटलं, जा आता, पण पाय न वाजवता. तो गेला. पेपरच्या कडेवरून त्याने वाकून बघितलं आणि मागे वळून मला नुसती मान डोलावली. मी भिंगातून बघितलं. नवरदेव भुरीच्या पाठीवर चढून बसला होता, पंख थरथरवत, आणि ती शांतपणे शेवाळ खात होती. मी आजवर जमवलेल्या बऱ्याच लग्नांचं चित्र तेच आहे.

दौलतने फोटो काढले, व्हिडिओ काढला. आणि मग त्याने बरणीवर हात ठेवला. मला वाटलं आनंद झालाय. तो म्हणाला, "ताई, आता ह्यांना मारावं लागणार."

ज्या माशीवरून नाव ठेवायचं, ती माशी कायमची संग्रहालयात जपून ठेवावी लागते, असा नियम आहे. पुढे जगात कोणालाही शंका आली तर त्याने तीच माशी काढून बघायची. दुसरा नर निघेल की नाही कोणाला माहीत, आणि हा फार दिवस जगणारही नव्हता. हजारो माश्या मारलेल्या माझ्या भावाला ह्या एका जोडीला हात लावायचा धीर होईना. "थोडं राहू देऊ," म्हणाला. "आत्ताच तर..."

मी माणसांची लग्नं लावते, माश्यांची गाऱ्हाणी ऐकत नाही. पण खरं सांगते, तो बारका जीव माझ्या गॅलरीत, माझ्या लोणच्याच्या बरणीत जन्मला होता. त्यांना वेगळं व्हायला वेळ दिला, भुरीला दुसऱ्या बरणीत अंडी घालायला सोडली, आणि मग नवरदेवाची छोटी बाटली मी माझ्या हाताने फ्रीझरमध्ये ठेवली, मटारच्या पिशवीशेजारी. थंडीने त्यांना गुंगी येते, कळत नाही म्हणे. दार लावलं आणि त्या दिवशी मटार केले नाहीत. दौलतला मी म्हटलं, तू जरा खाली चक्कर मारून ये. तो चप्पल घालून गेला.

भुरीची पोरं पुढे निघाली, त्यात अजून नर निघाले, आणि त्यांच्यावरून रसिकाला कळलं की हे मूळचेच लपून राहणारे, पापुद्र्याच्या खालच्या बाजूला चिकटणारे. वरून जाळी फिरवून ते कधीच मिळाले नसते. सखुबाईला बातमी सांगितली तर ती म्हणाली, "घरानच व्हता नं? तसंच असतं." आणि दौलतला सुक्या जवळ्याची पुडी दिली.

पुढचं सगळं काम रसिका आणि दौलतने मिळून केलं. तिने त्या केसाएवढ्या टोकाचे भाग सुटे केले, त्याने चित्रं काढली. मासिकवाल्यांनी दोनदा परत पाठवलं, हे दुरुस्त करा, ते दुरुस्त करा. दौलतने न चिडता केलं. मी त्याच्या वाटचं चिडले. आणि ह्या वर्षी एका दुपारी रसिका पेढे आणि छापलेले कागद घेऊन आली.

भुरीला नाव मिळालं होतं. त्यातला पहिला शब्द तिच्या कुळाचा, तो लॅटिन आहे आणि माझ्या जिभेवर बसत नाही. दुसरा दौलतने ठेवलेला: आगरी. आगरावर राहते म्हणून. आणि त्याच्यापुढे, त्याच ओळीत, छापलेलं होतं: डुंबरे आणि परुळेकर, आणि वर्ष.

"हे काय?" मी विचारलं. "लेखकांची नावं तर वर आलीत ना?"

"काकू, हे लेखाचं नाही, माशीचं नाव आहे," रसिका म्हणाली. "ज्यांनी नाव दिलं त्यांचं आडनाव आणि वर्ष माशीच्या नावापुढे लागतं. कायमचं. शंभर वर्षांनी कोणी पूर्ण नाव लिहिलं तरी असंच लिहिणार."

"आणि कोणी बदललं तर?"

"कूळ बदलू शकतं. उद्या कोणी म्हणालं, ही ह्या कुळातली नाही, त्या कुळातली, तर पहिला शब्द बदलेल. पण तेव्हासुद्धा डुंबरे आणि परुळेकर जात नाहीत. ते कंसात जातात. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही दुसऱ्या घरी गेलीये, पण मूळची ह्यांची."

मी तिला अजून एक पेढा दिला आणि स्वयंपाकघरात गेले, कारण मला समोर रडायचं नव्हतं. आम्ही दोघंच भावंडं. आमचे वडील शेवटच्या दिवसांत ओतूरच्या घरी पलंगावर पडून दौलतला म्हणाले होते, डुंबरे तुझ्यापाशी थांबले रे. चिडून नाही म्हणाले, नुसतं म्हणाले.  मी तिथेच उभी होते आणि मला कोणी काही म्हटलं नव्हतं, कारण मी तेव्हा लग्न होऊन तापकीर झाले होते. माझ्यापाशी काही थांबायचा प्रश्नच नव्हता. मी शेकडो मुलींना नवीन आडनाव मिळवून दिलंय आणि जुनं कुठे जातं, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. त्या तांदळाच्या कणीएवढ्या माशीचं माहेरचं नाव जपायचं, हे जगभरच्या शहाण्या माणसांनी ठरवून ठेवलंय. ती कुठेही गेली तरी. निदान कंसात.

बाहेर आले तेव्हा दौलत कागद मांडीवर घेऊन बसला होता आणि त्या ओळीवर बोट ठेवून होता. बोट हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याला बोलावून मंडळाची पाटी उतरवायला लावली. तो म्हणाला, "काकू, चांगली तर आहे, कशाला?" मी सांगितलं ते लिही. सरोज तापकीर, आणि पुढे कंसात डुंबरे. त्याला कंस नको वाटत होते, दोन्ही आडनावं सरळ लिहू म्हणाला, आजकाल बायका तसंच लिहितात. मी म्हटलं, कंसच हवेत, आणि ठळक काढ.

संध्याकाळी दौलत आगरावरून चिखलाचे पाय घेऊन आला आणि जिन्यात पाटीखाली थांबला. बराच वेळ वाचत होता, त्यात वाचण्यासारखे तीनच शब्द असून. मी दार उघडं ठेवून चहा गाळत होते.

"ताई," तो म्हणाला, "वर्ष घालायचं राहिलं."

"बायकांचं वर्ष पाटीवर घालत नाहीत," मी म्हटलं. "पाय धू आणि आत ये."